तालुक्याच्या नकाशात ढोलकीला जागा कुठाय?

नगरपंचायतीत नाट्यगृहाचा विषय निघाला की पुढचा वाद काय होणार ते आधीच सांगता येतं. एक गट म्हणतो, नळाला चार दिवसाआड पाणी, गटारं उघडी, आणि यांना नाटकं सुचतायत. दुसरा गट लगेच विष्णुदास भावे, बालगंधर्व, मराठी माणसाचं नाट्यवेड असं सगळं काढतो आणि शेवटी मागणी करतो ती एसी, पार्किंग आणि आठशे-हजार खुर्च्यांची. मग दोन्हीकडून एकमेकांना अडाणी आणि उच्चभ्रू म्हणून होतं, विषय पुढच्या मीटिंगला ढकलला जातो, आणि तोवर बाजारतळाच्या कडेला आणखी दहा गाळे उभे राहिलेले असतात. मला या भांडणाचा कंटाळा आलाय, कारण भांडणारे दोन्ही गट मुळात एकाच गोष्टीवर एकमत आहेत. कला म्हणजे इमारत, इमारत म्हणजे खर्च, हे दोघांनीही धरूनच टाकलंय. फक्त तो खर्च आत्ता करायचा का नंतर यावर मारामारी.

माझं म्हणणं असंय की खेड्यांच्या आणि तालुक्याच्या गावांच्या आराखड्यात गाणं, नाटक, कीर्तन, तमाशा, चित्रं यांची सोय पहिल्या नकाशापासून धरली पाहिजे, रस्ता आणि पाण्याची लाइन धरतो तशीच. आणि तरीही नाट्यगृह बांधू नये, निदान आधी तरी बांधू नये. मोकळी जागा राखणं, तिथं लोकांना जायला-यायला सोपं करणं, रात्रीचा वेळ मोकळा करून देणं, आणि शिकवणारं माणूस गावात टिकेल असं बघणं, एवढं केलं तरी बरंच काम होतं आणि यातलं बहुतेक सिमेंटशिवाय होतं.

आता पहिल्या गटाचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते वजनदार आहे आणि त्याला उडवून लावणारे लोक स्वतः कधी हंडा घेऊन उभे राहिलेले नसतात. ज्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो तिथं जाऊन रंगभूमीची महती सांगणं हे निर्लज्जपणाचंच आहे. मान्य. पण पाण्याचा पैसा नाटकाला जाईल ही भीती कागदावर तरी खरी नाही. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींना जो निधी दिला त्यातला 60 टक्के पाणी आणि स्वच्छता यालाच बांधलेला होता, तो दुसरीकडे वळवताच येत नव्हता. उरलेल्या 40 टक्क्यांत गावाला स्वतःची अक्कल वापरायची मुभा होती. आणि त्या 40 टक्क्यांचं काय झालं हे कुठल्याही गावात जाऊन बघा, पेव्हर ब्लॉक, आणखी पेव्हर ब्लॉक, स्वागत कमान, हायमास्ट दिवा. म्हणजे पाणी विरुद्ध कला अशी निवड कुणी केलेलीच नाहीये, प्रत्यक्षात निवड झाली ती कमान विरुद्ध काहीच नाही अशी. मग तहानलेल्या माणसाचं नाव पुढे करून नाटकवाल्याला गप्प बसवायचं आणि कमानीला मात्र कुणी काही विचारायचं नाही, हा कुठला न्याय?

दुसरं म्हणजे, ही सोय करणं पंचायतीचं काम नाहीच असं जे बोललं जातं ते तर सरळ चूक आहे. 73 व्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली तिच्यात पंचायतींकडे द्यायचे 29 विषय आहेत, त्यात ग्रंथालयं आहेत, लगेच पुढे सांस्कृतिक कार्यक्रम आहेत आणि त्याच्यापुढे बाजार आणि जत्रा आहेत. 1966 च्या आपल्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विकास आराखड्यात कशाकशाला जागा राखून ठेवायची ते कलम 22 मध्ये लिहिलंय, शाळा, दवाखाने, बाजार यांच्याच ओळीत सांस्कृतिक संस्था, थिएटर, सार्वजनिक करमणुकीच्या आणि सभेच्या जागा, म्युझियम, कलादालनं. साठ वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांना हे सुचलं होतं. मात्र आता ग्रामपंचायत विकास आराखडा ज्या नऊ संकल्पनांवर करायला सांगतात, गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही, जलसमृद्ध वगैरे, त्यात कला किंवा संस्कृती असं नाव असलेली एकही नाही. ग्रामसेवक बिचारा जो फॉर्म आलाय तोच भरणार ना. फॉर्ममध्ये रकाना नाही म्हणून गावात गाणं नाही असं होत नाही, पण रकाना नसला की गाण्याची जागा मात्र हळूहळू जाते.

आता दुसऱ्या गटाकडे येतो, म्हणजे जे माझ्या बाजूचे वाटतात पण नाहीत. यांच्याविरुद्ध सगळ्यात जोरदार मुद्दा असा की बांधलेली नाट्यगृहं चालत नाहीत. किती तालुक्यांत, अगदी जिल्ह्याच्या गावांतसुद्धा, नाट्यगृहाचं उद्घाटन थाटात झालं आणि दोन-तीन वर्षांत पडदे फाटले, एसी बंद, टॉयलेटला कुलूप, आणि नाटकाच्या तारखेपेक्षा शाळांची गॅदरिंगं आणि पक्षाचे मेळावे जास्त. हे खरंय आणि याला उत्तर द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही, कारण देखभालीचा खर्च नगरपंचायतीच्या आवाक्याबाहेरचा असतो हे उघड आहे. मोठ्या ठिकाणांचीही हीच कथा. गोव्यात पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरिया यांनी उभी केलेली, इतकी नावाजलेली इमारत, तिथं दुरुस्तीचं काम चालू असताना 2023 मध्ये खुल्या रंगमंचाचा स्लॅब कोसळला. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 पासून उभं असलेलं, 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीत जळालं. राजधानीला आणि महापालिकेला जे सांभाळता येत नाही ते 17 वॉर्डांच्या नगरपंचायतीने सांभाळावं अशी अपेक्षा कोण करतंय?

आणि तालुक्याच्याही खाली गेलं की नाट्यगृहाच्या जागी काय येतं, तर सभामंडप. हा आमदार-खासदार निधीचा लाडका प्रकार. कुठल्याही वाडीवर जा, चार कॉलम, वर स्लॅब, खाली चकचकीत टाइल्स, दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात कुणाच्या प्रयत्नातून आणि कुणाच्या निधीतून ते. यात भजनाला बसून बघा एकदा. पखवाजाची थाप भिंतीवर आपटून परत येते आणि पुढच्या थापेवर बसते, टाळ वाजायला लागले की शब्द ऐकूच येत नाहीत, मग शब्द ऐकू यावेत म्हणून माइक लावतात, माइकमुळे आणखी घुमतं, मग आवाज वाढवतात. जुन्या सभामंडपांना लाकडी खांब, वर पाटई, बाजू मोकळ्या, खाली शेणाने सारवलेलं, तिथं बुवांचा नुसता आवाज शेवटच्या माणसापर्यंत जायचा. त्यात काही दैवी नव्हतं, लाकूड आणि माती आवाज शोषतात आणि टाइल्स शोषत नाहीत, एवढंच. पण सभामंडपाचं एस्टिमेट करणाऱ्या इंजिनिअरला इथं गाणं होणार आहे असं कुणी सांगितलंच नाही. त्याला सांगितलं तीस बाय चाळीसचा हॉल. छताखाली बांबूच्या चटया किंवा लाकडाच्या पट्ट्या मारायला कितीसा खर्च येतो? कला आराखड्यात धरा म्हणतो तेव्हा मला हे असलं अभिप्रेत आहे, म्हणजे जे तुम्ही बांधणारच आहात ते गाणाऱ्याला विचारून बांधा.

जुन्या काळी गावं वसवणाऱ्यांना हे कळत होतं का? बऱ्यापैकी कळत होतं. वाड्याच्या, देवळाच्या दरवाजावर नगारखाना असायचा, म्हणजे सनई-चौघडा कुठून वाजणार याची जागा वास्तूतच ठरलेली. सिंधुदुर्गात दशावतार आजही जत्रेला देवळापुढच्या मोकळ्या जागेत होतो, पेटारा येतो, रात्री सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत चालतो, आणि त्या जागेवर कुणी घर बांधलेलं नाही कारण ती जत्रेची जागा आहे हे सगळ्यांना माहीत असतं. गुरवाला, गोंधळ्याला इनाम जमिनी होत्या, म्हणजे वाजवणाऱ्याचं पोट भरायची सोयही गावाच्या व्यवस्थेतच होती. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1912 मध्ये खासबाग मैदान केलं आणि त्याला लागूनच ते थिएटर बांधलं, जे पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखलं गेलं. कुस्ती बघायला येणारा आणि नाटक बघायला येणारा एकाच रस्त्याने येईल, ही टाउन प्लॅनिंगची अक्कल आहे, रसिकतेची तर आहेच. औंध तर खेडंच म्हणायचं, तिथले संस्थानिक पंतप्रतिनिधी यांनी टेकडीवर म्युझियम बांधलं आणि आज त्यात रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात.

पण इथं थांबून दुसरी बाजू बोलली पाहिजे नाहीतर मीही त्या वारसा-वारसा करणाऱ्यांसारखाच होईन. ही सगळी उदाहरणं राजांची तरी आहेत नाहीतर जातीची तरी. गुरवाला इनाम होतं आणि हलगी वाजवणाऱ्याच्या वाट्याला काय होतं? ज्याच्या हलगीशिवाय जत्रा सुरू व्हायची नाही तो देवळाच्या पायरीवर चढू शकत नव्हता. तमाशात नाचणाऱ्या बाईला दाद मिळायची, घर मिळायचं नाही. गावगाड्यात कलेची जागा ठरलेली होती हे खरं, पण माणसाचीही जागा ठरलेली होती आणि ती बदलायची परवानगी नव्हती. त्यामुळे जुनं ते परत आणू असं म्हणणाऱ्यांपासून मी चार हात लांब राहतो. उलट याच कारणासाठी कलेची जागा सार्वजनिक जमिनीवर, पंचायतीच्या किंवा नगरपंचायतीच्या नावावर असली पाहिजे असं मला वाटतं. देवळाचा सभामंडप कितीही मोकळा म्हटला तरी तो कुणाचा तरी असतो. सत्यशोधक जलसे, पुढे भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, यांना देवळाचं अंगण कोण देणार होतं? ते वस्तीच्या चौकात, मोकळ्या जागेत, मिळेल तिथं झाले, आणि त्यातून जे पोचलं ते किती छापील पत्रकांतून पोचलं असतं? संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर यांचे कार्यक्रम मैदानात झाले म्हणून लोकांचे झाले. आज त्या जलशाचं आताचं रूप तुमच्या गावात करायचं ठरवलं, कुणालाही न दुखावता नाही, चांगलं टोचणारं, तर जागा कोण देईल? मंगल कार्यालयाचा मालक देईल? संस्थेची शाळा देईल? हा प्रश्न मला नाट्यगृहाच्या खुर्च्यांपेक्षा फार मोठा वाटतो.

मग येतो तो मुद्दा ज्याच्याशी भांडायला मला सगळ्यात जास्त मजा येते. म्हणे कला आपोआप उगवते, सरकारने हात लावला की मरते, झाडीपट्टीला कुणी प्लॅन केलं होतं का? मुद्दा हुशार आहे. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाचा भाग, तिथं दिवाळीनंतर धान निघालं की नाटकं सुरू होतात, रात्र रात्र चालतात, शंकरपटाच्या म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या आणि मंडईच्या म्हणजे तिकडच्या जत्रेच्या निमित्ताने गावोगाव मांडव पडतात, लोक तिकीट काढून येतात, पाहुणे त्यासाठी मुक्कामाला येतात. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक रंगभूमीला हेवा वाटावा असा कारभार, आणि हे सगळं सरकारी नाट्यगृहाशिवाय. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्यातल्या कित्येकांनी झाडीपट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. तर मग कशाला हवाय आराखडा?

पण जरा नीट बघा. या नाटकांचं केंद्र कुठंय, तर वडसा, म्हणजे देसाईगंज. मंडळांची ऑफिसं तिथं, बुकिंग तिथं, कलाकार उतरतात तिथं. आणि वर्षानुवर्षं गडचिरोली जिल्ह्याचं एकमेव रेल्वे स्टेशन कुठलं, तर वडसाच. याला निव्वळ योगायोग म्हणायला मी तयार नाही. तमाशाची पंढरी नारायणगाव, ते कुठंय, पुणे-नाशिक हायवेवर. गुढीपाडव्याच्या सुमाराला तिथं फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी ठरवतात, ट्रक लावायला जागा लागते, माणसांना एसटीने येता-जाता यावं लागतं. मिरजेत सतार-तंबोऱ्याचा धंदा दीडशे वर्षांहून जास्त टिकलाय, मिरज मोठं जंक्शन आहे, देशभरचे गवई तिथं उतरायचे, अब्दुल करीम खाँसाहेब तर तिथं राहिलेच. स्टेशन बांधणाऱ्या इंग्रजाच्या डोक्यात नाटक नव्हतं, कबूल, पण रस्ता, स्टेशन, मोकळं शिवार, सुगीनंतरची रिकामी वावरं, एवढं असल्यावर कला आपोआप उगवली, आणि यातलं काहीच आपोआप आलेलं नाही. पूर्वी वावर रिकामं असायचं म्हणून मांडवाला जागा मिळायची. आता पाणी आलं, तिथं दुसरं पीक उभं राहिलं, चांगलंच झालं, किंवा हायवेलगत असेल तर एनए प्लॉट पडले, मग मांडव कुठे घालायचा? आपोआपवाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

मिरजेचं उदाहरण मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय टॅग म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, सत्कार झाले, बातम्या आल्या. पण सतार बनते कशी? पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात भोपळा पिकतो, तो वाळवायला लागतो, साठवायला लागतो, लाकूड मुरवायला लागतं, गल्लीत ठोकाठोकी आणि पॉलिशचा वास. डीपीच्या म्हणजे विकास आराखड्याच्या भाषेत हे राहत्या वस्तीतलं वर्कशॉप. म्हणजे उद्या शेजारी अपार्टमेंट आलं आणि कुणी तक्रार केली तर कारागिराने एमआयडीसीत जावं का? सतारमेकर गल्लीला कलेची जागा म्हणून नकाशात नाव द्यायला, तिथं घरातच कारखाना चालवायला स्पष्ट मुभा द्यायला एक रुपया लागत नाही. पण कला म्हटलं की आपल्याला स्टेजच दिसतं. तंबोरा घडवणारा, ढोलकीला शाई भरणारा, पडदे रंगवणारा, दशावताराचे मुकुट करणारा, यांना कुठे बसायचं हे कोण बघणार?

आता आवाजाचं बोलू, कारण खरी भांडणं इथं होतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राज्याला वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देता येते. हे दिवस बहुतेक ठिकाणी गणपती, नवरात्र, शिवजयंती, 31 डिसेंबर यातच वाटले जातात. आता सांगा, रात्री अकराला तोंडाला रंग लावून बसलेल्या दशावतारी राजाने काय करायचं? झाडीपट्टीचं नाटक रात्री दहाला संपवायचं तर सुरू कधी करायचं, धान कापून आलेला माणूस जेवणार कधी? नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, डीजेच्या भिंतींनी लोकांच्या छातीत धडधड होते, म्हाताऱ्यांचे हाल होतात, दहावीच्या पोरांचं नुकसान होतं, त्यावर बंधन हवंच हवं. पण डीजे आणि दशावतार यांना एकाच मापाने मोजणारा नियम शहर डोळ्यासमोर ठेवून केलेला आहे. याचं अर्धं उत्तर नकाशातच मिळतं. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असतं, ठीक, मग त्याच्या उलट गावाच्या एका अंगाला, वस्तीपासून थोडं लांब पण दिवाबत्तीच्या पट्ट्यात, जत्रेचं मैदान का आखू नये, जिथं वर्षातल्या ठरलेल्या रात्री, ठरलेल्या आवाजात, परवानगीसाठी पोलीस स्टेशनच्या पायऱ्या न झिजवता खेळ करता येईल? सूट मैदानाला द्या, तारखा गावाला ठरवू द्या. यासाठी नियमात बदल लागेल, लागू दे, गणपतीसाठी आपण केवढी खटपट करतो.

सरकारला हे जमत नाही असं कृपया सांगू नका. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग चौपदरी करायला घेतला, 2021 च्या नोव्हेंबरात भूमिपूजन झालं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वारकऱ्यांना चालायला वेगळी वाट धरली गेली. मुक्कामाचे पालखी तळ ठरलेले असतात, रिंगणाच्या जागा ठरलेल्या असतात. लाखो माणसं गात, नाचत, टाळ वाजवत चालतात, त्यांना किती रुंदी लागते, पाण्याचे टँकर कुठे उभे राहतात, हे इंजिनिअर लोकांनी बसून काढलंच ना? म्हणजे लोकांचा रेटा आणि मतांचा हिशोब असला की हायवेच्या ड्रॉइंगमध्ये अभंगसुद्धा बसतो. रेटा नसलेल्या कलांचं काय, एवढाच प्रश्न आहे. भारूड करणाऱ्याचा, कलापथकाचा, महिला भजनी मंडळाचा रेटा कोण लावणार?

महिला मंडळांवरून आठवलं, या सगळ्या चर्चेत टॉयलेट आणि शेवटची एसटी यांचं नाव मी फार कमी वेळा ऐकलंय. कार्यक्रमाला बायका येत नाहीत, घरात सीरियल बघत बसतात अशी तक्रार करणाऱ्यांनी त्यांच्या मैदानाजवळ टॉयलेट कुठं आहे ते आधी सांगावं. मैदान ते वस्ती रस्त्यावर दिवे आहेत का, कार्यक्रम संपल्यावर वाडीवर जायला गाडी आहे का, स्टेजच्या मागे कपडे बदलायला आडोसा आहे का, का तमाशातल्या बायकांनी ट्रकच्या आडोशालाच तयार व्हायचं? दोन खोल्या, पाण्याची टाकी, थ्री-फेजचं कनेक्शन आणि मीटर. नाट्यगृहाच्या नुसत्या खुर्च्यांच्या टेंडरात हे सगळं होऊन जाईल.

शिकवणाऱ्या माणसाबद्दल थोडक्यात. नुसतं मैदान ठेवलं तर त्यावर क्रिकेटच होणार, हा आक्षेप बरोबर आहे, आणि क्रिकेट झालं तरी माझी हरकत नाही. पण कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात हेग्गोडु नावाचं सुपारीच्या बागांचं खेडं आहे, तिथं 1949 मध्ये गावातल्याच लोकांनी नीनासम् सुरू केलं, के. व्ही. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आजही तिथं नाटकाचं शिक्षण चालतं आणि तिथली तिरुगाट ही नाटकमंडळी राज्यभर फिरते. लोक म्हणतील तो एक अपवाद, सुब्बण्णांसारखा माणूस प्रत्येक गावात नसतो. नसतोच. म्हणूनच व्यवस्था लागते. केरळच्या सांस्कृतिक खात्याने तरुण कलाकारांना फेलोशिप देऊन स्थानिक संस्थांमार्फत लोकांना फुकट शिकवायची सोय केली. आपल्याकडे कलावंताला मानधन मिळतं ते म्हातारपणी, अर्ज करून, कागदपत्रं जोडून. ते मिळालंच पाहिजे, त्यात वाद नाही, पण तिशीतल्या ढोलकीवाल्याला गावातच राहून चार पोरं तयार करता येतील असं काही आपल्याकडे आहे का? अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत राज्यात, 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेणारी, त्यातल्या कित्येकांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्या असतात. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिथं तबला-पेटीचा क्लास बसवायला नवीन काय बांधावं लागणार आहे?

राहता राहिला घाईचा प्रश्न, म्हणजे हे आत्ताच का. कारण नकाशे आत्ता तयार होतायत. 2014 नंतर तालुक्याच्या गावांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या आणि त्यांना विकास आराखडे करणं भाग पडलं. 2020 च्या एप्रिलमध्ये स्वामित्व योजना आली, ड्रोनने गावठाणाची मोजणी सुरू झाली, घराघराला मिळकत पत्रिका. ज्या पारावर, चावडीपुढे, तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत पिढ्यानपिढ्या भारूड, गोंधळ, सोंगं होत आली ती जागा आता कागदावर कुणाच्या तरी नावाने चढणार आहे. पंचायतीच्या नावाने चढली तर ठीक, नाहीतर शेजारच्याच्या भिंतीत गेलीच समजा. गावाच्या सामायिक जमिनी बळकावू देऊ नका असं सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात बजावून सांगितलंय, पण कोर्टात जायला आधी ती जागा सामायिक होती हे कुठंतरी लिहिलेलं लागतं. आणि नव्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडायचा नियम आहे, ती नेमकी कुठं सोडतात, तर ओढ्याकाठच्या तिरक्या तुकड्यात जिथं प्लॉट पडत नाही, मग तिथं बाभळी वाढतात नाहीतर एखादं देऊळ उगवतं. चार शेजारच्या लेआउटांच्या मोकळ्या जागा एकाला एक लागून घ्यायला लावल्या तर आयतं मैदान तयार होतं. हे नगररचनाकाराला ड्रॉइंगवर करता येतं, प्लॉट विकले गेल्यावर कुणाच्या बापाला करता येत नाही.

आराखड्यात जागेवर आरक्षण टाकलं म्हणजे काम झालं असंही नाही. 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक त्याच नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देतो, मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं, आणि ते उडावं म्हणून नोटीस येईपर्यंत गप्प बसणाऱ्या नगरपालिका कमी नाहीत. म्हणून खाजगी जमिनीवर नाट्यगृहाचं भलंमोठं आरक्षण टाकण्यापेक्षा जी जमीन आधीच सरकारी आहे, बाजारतळ, जुनं गुरांच्या बाजाराचं मैदान, बंद पडलेल्या शाळेचं आवार, ती कलेसाठी नाव घालून राखणं जास्त शहाणपणाचं. आठवडे बाजार आठवड्यात एकदा भरतो, बाकीचे सहा दिवस तिथं काय करायचं ते बघता येईल.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत सुरू होते, मोजके दिवस असतात. तेव्हा रांग लागते ती माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा म्हणणाऱ्यांची, आणि ती लागणारच, त्यांचं नुकसान असतं. जागा द्या म्हणून हरकत घेणारं भजनी मंडळ किंवा हौशी नाट्यसंस्था त्या रांगेत दिसत नाही, सगळे नंतर नगराध्यक्षांना निवेदन देतानाच्या फोटोत दिसतात. साध्या कागदावर अर्ज, सर्व्हे नंबर, कुठली जागा, वर्षातून किती वेळा आणि कशासाठी वापरली जाते, जुने फोटो, जत्रेची हँडबिलं जोडायची, पोच घ्यायची. हरकत नोंदवली असेल तरच सुनावणीला बोलावणं येतं.